वन्संनी सांगितलेला रंग

वन्सं, हे मी मराठीत लिहितेय. म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. तंजावरच्या मराठी घरात जन्मलात, पण शाळा शिकलात तमिळ आणि इंग्रजीत. मराठी बोलण्यापुरती. मी चौथीपर्यंत शिकले आणि तेवढ्यावर आजवर भागवलं. बसची पाटी तुम्ही वाचायची, माझ्या माहेरचं पत्र मी वाचायचं, असं आपलं ठरून गेलं होतं. हेही मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं आणि दुसऱ्या ओळीलाच तुम्ही अडवलं असतंत. पोदुम वैनी, पुरे, मुद्द्यावर या.

मुद्दा भिंतीचा आहे.

तेराव्याला आलेल्या लोकांनी तुमचे गुण पुष्कळ सांगितले. शांत, सोशीक, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पानांवर भात वाढत होते आणि मनात म्हणत होते, ही मंडळी चुकून दुसऱ्याच घरी आलीत. आपण दोघी एका छपराखाली म्हाताऱ्या झालो त्या भांडत. सांबारात गूळ घालायचा की नाही, पंखा कितीवर ठेवायचा, जिन्याखाली चपला कोणी पसरल्या. ही सगळी भांडणं मिटली, नाहीतर आपण विसरलो. एक राहिलं. घराच्या दर्शनी भिंतीला रंग कधी द्यायचा आणि कोणता.

माझ्या माहेरी, कराडच्या बाजूला, दसऱ्याच्या आत घर रंगवायची पद्धत. पाऊस संपलेला असतो, भिंती वाळलेल्या असतात, चुना लावला की दिवाळीला घर उजळतं. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा कपड्यांबरोबर ती पद्धतही घेऊन आले. इथं दिवाळीच्या तोंडावरच पाऊस सुरू होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, पण नणंदेनं सांगितलं ते नव्या नवरीच्या कानात शिरत नाही. आयुधपूजेच्या आधी मी हट्टानं चुना लावून घ्यायचे आणि दिवाळीत तो पांढरं पाणी होऊन अंगणातून वाहत जायचा. तुम्ही दारात उभ्या राहून बघायचात. म्हणायचात एवढंच, की संक्रांतीचा तै महिना लागू दे, पोंगल होऊ दे, भिंतीनं प्यालेलं पाणी उन्हानं बाहेर काढू दे, मग लावा. मला ते पटत होतं. पण काळ्या पडलेल्या भिंतीपुढे दिवाळीचा दिवा लावायचा हे काही मनाला पटत नव्हतं. मग पुढल्या साली परत तेच.

चुन्याचे दिवस गेले, डब्यातले रंग आले, तरी भांडण तेच. शेवटचा पिस्ता रंग मी असाच दिवाळीआधी लावून घेतला होता. दुसरा हात व्हायच्या आत पाऊस आला. वर्षभरात फोड धरले, पापुद्रे सुटले आणि खाली खपल्यांआड काळी बुरशी बसली. त्या बुरशीवरून तुम्ही मला शेवटपर्यंत ऐकवत राहिलात. पाहुणे आले की कौतुकानं दाखवायचात. ही बघा, वैनींची दिवाळी.

या भिंतीची जातच तशी. गुळगुळीत गिलावा असता तर एवढं झालं नसतं. तुमच्या भावाला हौस, की समोरची बाजू खडबडीत करायची. बारीक खडी कालवलेलं सिमेंट गवंड्यांनी थापीनं भिंतीवर फेकलं आणि ते जसं चिकटलं तसंच ठेवलं. दिसायला त्या काळात झोकदार होतं. पण प्रत्येक दाण्यावर धूळ बसते, प्रत्येक खळग्यात पाणी थांबतं, कोपर घासलं तर साल निघतं आणि रंग तर ती भिंत सदान्‌कदा तहानलेली असल्यासारखी पिते.

जुनं घर सोडून हे घर बांधलं तेव्हा मी इथं नव्हते. सुरेशच्या बाळंतपणाला माहेरी होते. तुमचा भाऊ कामावर, सासूबाई अंथरुणाला. गवंड्यांवर लक्ष तुम्ही ठेवलंत. गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या त्या कारखान्यात टायपिंगला जायच्या आधी तुम्ही गिलाव्याला पाणी मारायचात आणि संध्याकाळी परत आलात की साडीचा ओचा खोचून पुन्हा मारायचात. उन्हानं गिलावा तडकू नये म्हणून. हे मला गवंड्याच्या बायकोनं सांगितलं, तुम्ही नाही. मी आले ती कडेवर पोर घेऊन, तयार घरात. उंबरठ्यावर तुम्हीच माझ्या पायावर पाणी घातलंत आणि म्हणालात, या वैनी, हे तुमचं घर.

तेव्हा ते चांगल्या मनानं म्हटलं होतंत. पुढे ते तुमचं हत्यार झालं.

पडदे कोणते घेऊ विचारलं, तर तुमचं घर. परसात लिंबू लावू का, तर तुमचं घर. तुमचा भाऊ गेला, सुरेश ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि तिकडेच फ्लॅट घेऊन राहिला. घरात आपण दोघीच उरलो, तरी तुमचं घर, वैनी, मी काय सांगणार. मला राग यायचा. वाटायचं, नोकरी केलेली, लग्न न केलेली बाई, कशात अडकायचं नाही म्हणून असं बोलते. आणि तुम्ही कशात अडकत नव्हता असंही नाही. मी आणलेल्या प्रत्येक गोष्टीत तुम्हाला खोट दिसायची. फक्त स्वतः काय हवं ते सांगायचं नाही.

मी एक वाक्य बोलले असते तर ते हत्यार तुमच्या हातून गळून पडलं असतं. घर तुमचंही आहे, एवढंच. ते मी बोलले नाही. वाईट हेतूनं नाही. मला वाटायचं ते उघडच आहे. तुमची खोली होती, तुमचं कपाट होतं, देवघराची किल्ली तुमच्या कमरेला होती. उघड गोष्ट बोलून दाखवायची आमच्याकडे सवय नाही. आयुष्यभर आपण एकमेकींना तुम्ही-तुम्ही करत राहिलो, त्यातलीच ही एक गोष्ट.

गेल्या दसऱ्याला मी पहिल्यांदा तुमचं ऐकलं. का ते मलाही नीट ठाऊक नाही. गुडघे दुखत होते, मजूर मिळत नव्हते आणि आकाश बघून मलाही वाटलं की आता पडणार. म्हटलं, ठीक आहे वन्सं, तैमध्ये लावू. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसा मला ताप चढलाय.

मग तुमच्या अंगात आलं. रंग पावसानंतर लावायचा असला तरी पारखायचा पावसाआधी, असं तुमचं म्हणणं. सेल्वम मेस्त्रीला बोलावून भिंतीवर हातभर रुंदीचे पट्टे मारून घ्यायला लावलंत, दोन-दोन हात देऊन. दुकानातल्या कार्डावरचा चौकोन बघून खडबडीत भिंतीचा रंग ठरवता येत नाही हे आपल्याला पिस्त्यानं शिकवलं होतं. कार्डावर दुधात घोळलेला दिसलेला तो रंग भिंतीवर शेवाळासारखा निघाला होता. प्रत्येक दाण्याची सावली पडते ना, म्हणून रंग गडद होतो. सकाळी पूर्वेचं ऊन समोरून पडलं की एक दिसतो, दुपारी सावलीत दुसराच. तुम्ही म्हणालात, या पट्ट्यांना एक पावसाळा दाखवा. कोण टिकतो ते कळेल.

तर पट्टे उभे राहिले. माझा मातकट चंदनी, कारण त्यावर धूळ दिसत नाही. सुरेशनं फोनवरून सांगितलेला राखाडी, कारण हल्ली सगळे तो लावतात. आणि दुकानदारानं गळ्यात मारलेला एक दुधाच्या साईचा रंग. पूर्ण पावसाळाभर तुम्ही दुधाची पिशवी घेताना फाटकापाशी थांबून त्यांच्याकडे बघायचात आणि आत येऊन माझ्याजवळ तक्रार करायचात. चंदनी म्हणजे चिखल, मग रंग कशाला, पाऊस फुकट उडवतोच आहे. राखाडी म्हणजे काम अर्धवट सोडून मेस्त्री पळून गेल्यासारखं. साय तर पहिल्याच पावसात ओघळ धरून बसली. मी दर वेळी म्हणायचे, मग तुम्हीच सांगा. तुम्ही दर वेळी तेच उत्तर द्यायचात. तुमचं घर, तुमचा रंग.

तैच्या आधीच्या मार्गळी महिन्यातली ती दुपार. पाऊस थांबून थोडे दिवस झाले होते. आपण ओसरीवर पावटे सोलत बसलो होतो. बोलणं कशाचं चाललं होतं आठवत नाही. मध्येच तुम्ही म्हणालात, "वैनी, मयिल कळुत्तु."

मला वाटलं साडीबद्दल बोलताय. मोराच्या मानेचा रंग, निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळलेला. इथल्या पट्टूच्या, रेशमाच्या दुकानात बाया नाव घेऊन मागतात तो. मी विचारलं, कुणाला घ्यायचीय?

"साडी नक्को. भिंतीला."

मी हसले. खरं सांगते, जोरात हसले. जन्मभर बदामी नाहीतर करडी सुती साडी नेसलेली बाई घराला मोराची मान लावायला सांगते. म्हटलं, "वन्सं, घर आहे की पट्टूचं दुकान?"

तुम्हीही थोडं हसलात. रागावला नाहीत. सुम्मा म्हटलं, म्हणालात. उगाच आपलं. मी म्हटलं, बघू. आणि आपण पुढचे पावटे सोलले.

ते माझं 'बघू' मला आजही टोचतं. हसल्याचं मला फारसं वाटत नाही, आपण एकमेकींना हसतच आलो. पण इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा या घराकडे काहीतरी मागितलं होतं आणि मी ते ऐकूनही मला ऐकू आलं नाही. का मोराची मान, हे विचारायला हवं होतं. लोक आता मला सुचवतात, लग्नाचा शालू तसा हवा असेल, मनातली इच्छा असेल. मी असलं काही त्यात जोडणार नाही. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. तुम्हाला तो रंग आवडत असेल. माणसाला एखादा रंग नुसता आवडू शकतो.

पोंगलच्या आधीच तुम्ही गेलात. आंघोळ करून आलात, खुर्चीत बसलात, मी कॉफी आणेपर्यंत आटोपलं होतं. कुणाला त्रास दिला नाही असं सगळे म्हणाले. मला दिलात. ती कॉफी मी किती वेळ हातात धरून उभी होते, वन्सं.

आणि मग तै महिना लागला. तुम्ही म्हणायचात तसाच. कोरडं ऊन, वारा, भिंत हाताला कोमट. सेल्वम येऊन फाटकाशी उभा राहिला. सांगून ठेवलं होतं म्हणून आलो, पण आता काय करायचं म्हणाला. सुरेश घरीच होता. त्यानं त्याला परत पाठवलं. घरात माणूस गेलंय, वर्षभर रंगबिंग काही नाही. मी विचारलं हे कुणी सांगितलं. तो म्हणाला, सगळे असंच करतात, अम्मा. मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण. तर म्हणाला, आत्याच्या वर्षश्राद्धानंतर बघू, तसंही तू एकटी इथं किती दिवस राहणार, माझ्याकडे ये, बिल्डर-प्रमोटर लोक घर मागायला येतातच आहेत.

त्याचं चूक नाही. मुलगा बरा आहे. दर रविवारी येतो, गॅस बघतो, पंप बघतो. त्याला रंगाचं काही माहीतच नव्हतं. पण त्या बोलण्यातून मला कळलं की वर्षभर थांबलं तर ही भिंत कधीच रंगणार नाही. ती पाडतील. आणि तुम्ही या घराकडे मागितलेली एकुलती एक गोष्ट माझ्या बघूमध्येच संपेल. तिथं मी पहिल्यांदा रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीही रडले नव्हते.

मी सुरेशला म्हटलं, "वर्षभर थांबायला माझ्याकडे वर्ष आहे का, ते आधी सांग."

तो म्हणाला लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, मीही हसले होते. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं सेल्वमला फोन लावला.

आता काम कसं झालं ते ऐका, तुम्हाला त्यात खोट काढता येईल. आधी तारेच्या ब्रशानं भिंत घासली. पिस्त्याच्या खपल्या टोपलीभर निघाल्या, बुरशी निघाली. तुमची पाहुण्यांना दाखवायची वस्तू गेली. मग पाण्यानं धुतली, बुरशीचं औषध मारलं आणि खडखडीत वाळू दिली. सेल्वमला घाई होती, मला नव्हती. रोज मी भिंतीवर तळवा ठेवून बघत होते. गारवा गेल्यावरच प्राइमर लावू दिला. समोरची बाजू पूर्वेची, म्हणून काम दुपारनंतर. उन्हात लावलं की रंग दाण्याच्या डोक्यावरच सुकतो, खळग्यात उतरत नाही. लांब केसांचा रोलर, आणि रोलरच्या मागोमाग ब्रश, खळग्यांत टोचून टोचून. तरी वरच्या कोपऱ्यात पांढरे ठिपके राहिलेत. मी शिडीवर चढू शकत नाही म्हणून ते राहिलेत. तुम्ही असतात तर खालून ओरडून घालवले असतेत.

रंग मी कार्डावर एक घर फिकट घेतला. तुम्ही नाक मुरडाल, पण या भिंतीवर तो गडद होणार हे आपल्याला ठाऊक होतं. तेवढं मी माझ्या मनाचं केलं. पहिला हात लागला तेव्हा भिंत मुका मार लागल्यासारखी दिसत होती. सेल्वमनं शिडीवरून वळून मला आजीबाईला विचारलं, पाट्टी, नक्की ना? दुसऱ्या हातानं जरा सावरली.

तुम्ही गेलात म्हणून खोटं बोलणार नाही. मला रंग आवडला नाही. सकाळी ऊन पडलं की डोळ्यांत जातो. दुपारी सावलीत जरा बरा, दाणे खाली काळपट आणि वर निळे-हिरवे होतात, तेव्हा मोर नाही तरी मोराच्या जातीचं काहीतरी दिसतं. धूळ दिसणार आहे, उन्हाळ्यात तापणार आहे, चार-पाच उन्हाळ्यांत विटणार आहे. चंदनीच बरा होता. हे मी तुमच्याशी भांडायला तयार आहे, आजही. भांडायला समोर कोणी नाही हीच अडचण आहे. एकटीनं बोललं की प्रत्येक भांडण मीच जिंकते, आणि त्यात काही चव नाही.

काल समोरच्या कमलाम्मा रस्ता ओलांडून आल्या. भिंतीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ओठ बाहेर काढून म्हणाल्या, काय मामी, सुतकाच्या घराला हा रंग? मुलानं निवडला का?

मला काय झालं कळलं नाही. जो रंग मला स्वतःला आवडत नाही, त्याच्यासाठी मी रस्त्यावर उभी राहून भांडले, तेही माझ्या मोडक्या तमिळमध्ये, जे तुम्हीच मला शिकवलंत. म्हटलं, मुलानं नाही, मी नाही, आमच्या वन्संनी निवडला. बांधताना या भिंतीला पाणी त्यांनी मारलंय. घर त्यांचं आहे, त्यांना हवा तो रंग लागेल.

कमलाम्मा रस्ता ओलांडून परत गेल्या. मी ओसरीवर येऊन बसले.

इतकी वर्षं जवळ असलेलं वाक्य शेवटी तोंडातून निघालं, वन्सं. ते तुम्हाला द्यायचं होतं. गेलं कमलाम्मांना, आणि त्यांना त्याचं काही कामही नव्हतं.